आंब्याच्या फळ्यांचा ओटा आणि इपॉक्सीतले बुडबुडे : दहा महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात शिवाजी पेठेतील आमच्या घरात आंब्याच्या दोन फळ्या जोडून केलेल्या ओट्यावर मी गेल्या मार्चमध्ये इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या लेपाचा, पहिला थर दिला आणि आठवडाभरात तो पॉलिश पेपरने घासून काढला. बुडबुडे मोहरीएवढे होते, पण ते सगळीकडे विखुरलेले नव्हते. लाकडाच्या रेषांना धरून रांगेत बसले होते आणि गाठीभोवती तर त्यांची दाटी झाली होती. सुताराने दोष माझ्या ढवळण्याला दिला. मात्र हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) फोडलेला बुडबुडा काही मिनिटांत त्याच जागी पुन्हा वर येत असे, म्हणजे हवा रेझिनमधून नव्हे, लाकडाच्या छिद्रांतून येत होती. मी थर सकाळी दहाला दिला होता. ऊन चढले तशी फळी तापली, आतली हवा प्रसरण पावून वर आली आणि घट्ट होत चाललेल्या थरात अडकली.

दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. फळ्या दुपारभर उबदार खोलीत ठेवल्या आणि सूर्यास्तानंतर, लाकूड थंड होऊ लागताच, पत्र्याच्या पट्टीने रेझिनचा अगदी पातळ हात आधी लाकडात जिरवला, कारण थंड होताना आकसणारी हवा रेझिनला छिद्रांत ओढून घेते. गाठीवर तो हात दोनदा फिरवला. तो थर कडक झाल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, धूळ पुसली आणि पुढच्या संध्याकाळी सुमारे ३ मिलिमीटरचा मुख्य थर ओतला. रेझिन आणि हार्डनर डब्यावरील प्रमाणात मोजून, भांड्याच्या कडा खरवडत, फेस होऊ न देता सावकाश ढवळले आणि दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळले. हीट गन भरभर फिरवली. एका जागी धरली असती, तर फळीच तापून नवे बुडबुडे उठले असते.

या खेपेला गाठीपाशी दोनच बुडबुडे राहिले. पावसाळ्यात कडा उचलल्या नाहीत आणि हळदीचे डाग लगेच पुसले तर निघतात. उष्णतेपुढे मात्र हा थर कच्चा आहे. तांबड्या रश्श्याचे पातेले चुलीवरून थेट टेकवल्याचे गोल, निस्तेज वळे अजून दिसते, आणि त्यावर सध्या मिठाची बरणी ठेवलेली आहे.