डायजेस्टरमधला सल्फाइड: लोहाचे क्षार टाकायचे की थोडी हवा सोडायची?

डायजेस्टर म्हणजे सांडपाणी हवेविना कुजवून मिथेन गॅस बनवणारी बंद टाकी. तिच्यात येणाऱ्या सांडपाण्यात सल्फेट जास्त आलं की सल्फेट खाणारे बॅक्टेरिया मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं खाद्य, म्हणजे हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट, पळवतात, पण खरा त्रास पुढे होतो, कारण त्यातून बनलेला हायड्रोजन सल्फाइड पेशीत शिरतो आणि मिथेनवाल्यांना मारतो. पीएच ७ च्या आसपास विरघळलेल्या सल्फाइडपैकी साधारण निम्मा याच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला जेमतेम दहावा हिस्सा, म्हणून आधी पीएच बघा.

सूक्ष्मजीवांना आराम कशाने? लोह सल्फाइडला पाण्यातच पकडून काळा गाळ करतं, त्यामुळे फरक लवकर दिसतो. हवा वरच्या गॅसच्या जागेत सोडली तर गॅस छान साफ होतो पण पाण्यातला सल्फाइड फारसा हटत नाही, आणि हे हवेची यंत्रणा विकणारे सांगत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर लोह रोज विकत घ्यावं लागतं, सल्फेट वाढलं की डोस वाढतो, गाळही वाढतो, आणि फेरिक क्लोराइड (लोहाचा एक क्षार) अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, खातं. हवेला फक्त छोटा ब्लोअर.

मेहनत मात्र हवेलाच जास्त, सल्फाइडपासून बनलेलं पिवळं गंधक पाइपात साचतं ते काढत बसा, शिवाय मिथेनमध्ये हवा म्हणजे स्फोटाचा धोका, ऑक्सिजन मीटर नसेल तर कृपया या वाटेला जाऊच नका.

मिथेन घटलंय, मिथेनवाले गुदमरतायत तर लोह. डायजेस्टर ठणठणीत आहे, फक्त इंजिनसाठी गॅस साफ हवाय तर हवा.