कोअर ड्रिलिंगसाठी स्पिंडलवालं मशीन की फुल हायड्रॉलिक? घ्यायच्या आधी हे बघा

कोअर ड्रिलिंग म्हणजे होल मारून खडकाचा दंडगोल नमुना (कोअर) बाहेर काढणं. आधी एक गोंधळ मिटवू, कारण विकणारे दोन्ही मशीनला हायड्रॉलिकच म्हणतात आणि ते तसं खोटंही नाही. स्पिंडलवाल्यात फीड (रॉड खाली ढकलणारा दाब) हायड्रॉलिक सिलिंडरने मिळतो पण रॉड फिरवायचं काम इंजिन, क्लच, गिअरबॉक्स करतात. फुल हायड्रॉलिकमध्ये फिरवायलाही हायड्रॉलिक मोटर, आणि अख्खं रोटेशन हेड मास्टवर (उभ्या खांबावर) वर-खाली सरकतं.

माझ्या मते सगळा खेळ स्ट्रोकचा आहे, म्हणजे न थांबता एका दमात किती खाली जाता येतं त्याचा. स्पिंडलचा स्ट्रोक साधारण 500-600 मिमी, म्हणजे 3 मीटरचा रन (कोअर बाहेर काढण्याआधी एका खेपेत खोदायची लांबी) मारायचा तर पाच-सहा वेळा थांबा, चक (रॉड पकडणारा जबडा) सोडा, वर घ्या, परत पकडा, परत चालू करा. घट्ट एकसंध दगडात याने फारसं बिघडत नाही, पण ठिसूळ शेल किंवा भेगाळलेला खडक असेल तर प्रत्येक थांब्याला आतला कोअर मोडायची नाहीतर बॅरलमध्ये (कोअर ज्यात शिरतो त्या नळीत) अडकायची भीती. मी कोअर बॉक्ससमोर बसून लॉगिंग (कोअर बघून नोंदी) केलंय, अर्ध्या अर्ध्या मीटरवर ताजे तुटलेले सांधे दिसायचे, कडा धारदार, दोन तुकडे जोडले की चपखल बसणारे, वर ना गंजाचा डाग ना मातीचा थर. आरक्यूडी काढताना (खडक किती शाबूत आहे ते सांगणारा आकडा: 10 सेमीपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी, 1960 च्या दशकात डीअर यांनी मांडलेली पद्धत) असे मशीनने मोडलेले तुकडे जोडूनच मोजायचे असतात, पण मऊ खडकात नैसर्गिक सांधा कुठला आणि मशीनचा कुठला हे ओळखताना भलेभले चुकतात, आणि मग खडक आहे त्याहून वाईट दिसतो आणि पुढचं सगळं डिझाइन त्यावर उभं राहतं! फुल हायड्रॉलिकमध्ये स्ट्रोक 1.8 मीटर ते 3.5 मीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे रन एका-दोन दमात होतो.

दुसरं म्हणजे आरपीएम. गिअरबॉक्समध्ये ठरावीक टप्पेच, हायड्रॉलिक मोटरमध्ये हवा तसा कमी-जास्त. इम्प्रेग्नेटेड बिट (हिऱ्याचे बारीक कण धातूच्या मॅट्रिक्समध्ये मिसळलेलं कापणारं टोक) वापरणाऱ्याला याची किंमत कळते, कारण दगड बदलला की आरपीएम आणि दाब लगेच बदलता आला नाही तर बिट गुळगुळीत होऊन बसतं. (कठीण दगडाला मऊ मॅट्रिक्सचं बिट लागतं, हे नवीन लोक उलटं करतात.)

पण स्पिंडलला कमी लेखू नका. ताकद गिअरमधून थेट जाते म्हणून डिझेल कमी लागतं, स्पिंडल फिरवून जवळपास कुठल्याही कोनात होल घेता येतं, आणि बिघडलं तर क्लच-गिअरचं काम जाणणारा मेकॅनिक साइटवरच उभं करतो. फुल हायड्रॉलिकचा शत्रू म्हणजे घाण. होज बदलताना तोंडं झाकली नाहीत, चिमूटभर माती तेलात गेली, की पंप आणि व्हॉल्व्ह खराब व्हायला सुरुवात. तेल थंड करणारा कूलर चोंदला तर तेल तापून पातळ होतं आणि दुपारनंतर मशीन दमल्यासारखं चालतं. हे सांभाळणारा माणूस टीममध्ये नसेल तर महागडं मशीन नुसतं उभं राहील.

आता कॅटलॉगमधली खोली. तो आकडा बहुतेक वेळा छोट्या साइजचा असतो. एनक्यू आणि एचक्यू या रॉड-कोअरच्या ठरलेल्या साइज, एचक्यू मोठी. एनक्यूचा 3 मीटरचा रॉड साधारण 23.4 किलो, एचक्यूचा 34.5. म्हणजे 300 मीटरला एनक्यूची रॉड स्ट्रिंग 2340 किलो आणि एचक्यूची 3450, त्यात होल अडकलं तर ओढायला वेगळी ताकद लागणार. कोअर मात्र एनक्यूचा 47.6 मिमी आणि एचक्यूचा 63.5, आणि खराब खडकात जाड कोअरच शाबूत येतो, म्हणून खोली एचक्यूमध्ये किती ते विचारा, पुलबॅक (रॉड वर ओढायची ताकद) किती टन ते लेखी घ्या.

मऊ, भेगाळलेला खडक आणि रिपोर्ट कोअरवर अवलंबून असेल तर मी फुल हायड्रॉलिक घेईन, ट्रिपल ट्यूब बॅरलसकट, आतली ट्यूब उभी चिरलेली असल्याने कोअर ठोकून काढावा लागत नाही. कठीण दगड, वर्कशॉप लांब, होल थोडी, तर स्पिंडल. डेमो बघायला गेलात तर मशीन गार असताना नको, तीन-चार तास चालल्यावर तेलाचं तापमान बघा, आणि शेवटच्या रनचा कोअर स्वतः बॉक्समध्ये रचून घ्या.