स्ट्रिपवरचं जुनं, स्वस्त कॅसिनो हॉटेल : आठ महिन्यांत पाच मुक्काम

हॉटेलचं नाव लिहीत नाही. या जातीच्या हॉटेलांची दुखणी बरीचशी सारखीच असतात. हे लास वेगासच्या स्ट्रिपवरचं, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरचं, दोन-तीन टॉवरचं, कितीदा तरी रंगरंगोटी झालेलं. राहणारे चौघं : आई-वडील, आजी आणि आठ वर्षांचा मुलगा. दर वेळी एकच रात्र. एका रात्रीपुरते पैसे वसूल होतात. दुसऱ्या रात्री मात्र खोली अंगावर येते.

आधी पैशांचं. ४० डॉलरची दिसणारी खोली ४० ला कधीच पडत नाही. समजा रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या दरावर हॉटेल सक्तीने लावतं ती फी, आणखी ४०. या ८० वर साधारण १३ टक्के कर, म्हणजे बिल ९० च्या घरात. पार्किंगचे असतील तर ते वेगळे. मे २०२५ पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमामुळे सक्तीची फी पहिल्याच किमतीत धरून दाखवावी लागते, पण कर शेवटी वाढवला तरी चालतो. रविवार ते गुरुवार दर उतरलेले असतात. शुक्रवार-शनिवारी तीच खोली दुप्पट-तिप्पट होते. जानेवारीतलं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन आणि नोव्हेंबरमधली फॉर्म्युला वन शर्यत, या दिवसांत तर इकडे फिरकूच नका. चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतात. तिथे क्रेडिट कार्डच द्या. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि चेक-आउटनंतरही काही दिवस सुटत नाहीत.

खोली मागताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा : वरचा मजला, लिफ्ट आणि बर्फाच्या मशीनपासून लांब, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार नको. या मधल्या दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही शब्दन् शब्द ऐकू येतो. टॉवेल गुंडाळून फटीला लावला की निम्मा आवाज कमी होतो. टॉवर कोणता तेही विचारा. जुन्या हॉटेलात सगळ्यात स्वस्त टॉवर बहुधा सगळ्यात मागे असतो. काउंटरपासून बॅगा ओढत दहा मिनिटं चालणं आजींना झेपणार आहे का, हा हिशेब खोलीच्या दरात दिसत नाही.

आत शिरल्यावर बॅगा आधी बाथटबमध्ये ठेवा. मग चादर बाजूला करून गादीच्या शिवणी आणि उशाकडची फळी मोबाइलच्या टॉर्चने बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण. खोली बदलून घ्या, आणि शेजारची किंवा थेट वरची-खालची नको म्हणा. त्यानंतर खिडकीखालच्या एसीजवळच्या कार्पेटवर तळहात दाबून पाहा. ओलसर लागलं तर एसीचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली आहे. तो कुबट वास कितीही सुगंध फवारला तरी जात नाही.

प्लगच्या जागा कमी, त्यातही पलंगाशेजारचा सॉकेट झिजलेला. आतल्या पट्ट्या सैल झाल्यामुळे जड चार्जर आपोआप खाली लोंबतो आणि सकाळी फोन १२ टक्क्यांवर. अमेरिकी पिनांची छोटी एक्स्टेंशन वायर सोबत ठेवा. भारतातून नेलेली किटली मात्र उपयोगाची नाही. तिथे वीज १२० व्होल्टची, किटली २३० ची. त्यामुळे १५०० वॉटची किटली जेमतेम ४०० वॉट देते आणि चहाचं पाणी उकळता उकळत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टचे असतात, त्यांना फक्त पिन बदलावी लागते.

फ्रिज आणि मायक्रोवेव्ह गृहीत धरू नका. पाहुणा खोलीत रमला तर खाली कॅसिनोत पैसे कोण लावणार, हे त्यामागचं साधं गणित. थंड ठेवायची औषधं असतील तर फ्रिज बुकिंग करतानाच मागा, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. नाहीतर मजल्यावरच्या मशीनमधला बर्फ आणि घडीची कूलर पिशवी यांवर रात्र निघते. फक्त इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की वाया गेलं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, पण बरंच क्षारयुक्त. शॉवरची भोकं त्यानेच बुजतात आणि धार तिरकी उडते. टबचा काठ गुडघ्याच्या जरा खालीच. आजींना तो ओलांडणं धोक्याचं. धरायला दांडा असलेली, सपाट शॉवरची खोली बुकिंगच्या वेळीच मागावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही.

मुलांसोबत मुख्य अडचण असते ती रस्त्याची. लिफ्ट, जेवण, पार्किंग, सगळीकडे जायची वाट कॅसिनोतूनच. नेवाडात २१ वर्षांखालच्यांना तिथून जाता येतं, रेंगाळता येत नाही. मूल चकाकत्या मशीनपाशी उभं राहिलं की सुरक्षारक्षक हटकतो, आई-बाबा शेजारी असले तरी. मशीनांमधून जाणारा मोकळा पट्टा धरून चालत राहायचं. धुराचा त्रास वेगळाच : २००६ च्या राज्य कायद्याने अनेक बंदिस्त जागी धूम्रपान बंद झालं, पण कॅसिनोच्या जुगाराच्या जागेला सूट मिळाली. तो धूर लिफ्टच्या पोकळीतून वर चढतो, म्हणून धूम्रपानबंदीच्या मजल्यावरही लिफ्टसमोर वास येतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी इथे पैसे वाचवू नयेत. स्ट्रिपवरचंच पार्क एमजीएम हॉटेल २०२० पासून पूर्ण धूरमुक्त आहे.

मुलांचा वेळ मात्र मजेत जातो. सर्कस सर्कस या हॉटेलमध्ये छताखालचं मनोरंजन पार्क अ‍ॅडव्हेंचरडोम १९९३ पासून आहे. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना त्याची किंमत कळते. जुलै २०२४ मध्ये शहरात ४८.९ अंशांचा उच्चांक झाला होता. अशा दिवसांत दुपारी स्ट्रिपवर चालत फिरायचा बेत करू नका, डबल-डेकर ड्यूस बस चोवीस तास असते. हॉटेलचा पूल हिवाळ्यात बंद असू शकतो आणि रिसॉर्ट फी तेवढीच राहते, तेव्हा बुकिंगआधी फोन करून तारखा विचारा.

सकाळी ११ च्या सुमारास लिफ्टसमोर बॅगांची रांग लागते. साडेनऊला खाली उतरा, अ‍ॅपवरून चेक-आउट करा आणि बिल उघडून बघा : न घेतलेल्या फ्रिजचे पैसे एकदा लागले होते. काउंटरवर सांगितल्यावर दोन मिनिटांत काढले.