तालुक्यातला गट की जळगावचा?

"गावात कोणी पाहिलं तर?" या धास्तीनं चाळीसगाव-पाचोऱ्याकडचा माणूस एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसांतला गट) मीटिंग जळगावची धरतो. ओळख झाकली जाते खरी, पण मीटिंग तास-दीड तासाची, बहुधा संध्याकाळी. परतीची गाडी हुकते आणि खाडे सुरू होतात. पहिले ९० दिवस रोज मीटिंग, ही जुनी रीत तिथं जमणं अवघडच.

तालुक्यातच गट असेल तर रात्री तलफ उठल्यावर स्पॉन्सर (आधी दारू सोडलेला, नव्याला आधार देणारा सदस्य) दहा मिनिटांत ओट्यावर येऊन बसतो. आमचा कौल तालुक्यातल्या गटालाच. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा दोन्हीकडचा दंडक. फी कुठंच नाही. बायको-भावाला सोबत न्यायचं तर 'ओपन' (सदस्य नसलेल्यांनाही खुली) मीटिंग कधी ते विचारा.

रोज पिणाऱ्यानं मात्र आधी डॉक्टर गाठावा. एकदम सोडल्यावर दोन-तीन दिवसांत झटके, भास होऊ शकतात. तेव्हा थेट सिव्हिल हॉस्पिटल.