65,800 रुपये मोजून माझेच जुने शॉकअप मी परत विकत घेतले

लिहायला लाज वाटतेय. बायको म्हणते कशाला गावभर करताय, पण कॅम्परवाले सगळे याच चक्रातून जातात म्हणून लिहितोय. गॅरेजचं नाव टाकत नाही, वकिलांनी नको म्हटलंय.

आमची गाडी 2016 ची ट्रॅव्हलर, आत पलंग, ओटा, 120 लिटरची टाकी, दोन बॅटऱ्या, टपावर एसी. रिटायर झाल्यावरची हौस. हायवेला शेजारून कंटेनर गेला की गाडी डुलायची, स्पीडब्रेकरवर मागून तीन-तीन उसळ्या आणि कपाटातले डबे खाली. पुण्याजवळच्या एका गॅरेजवाल्याने इम्पोर्टेड गॅस शॉकअप (चाकाजवळची उसळी आवरणारी नळकांडी, आत दाबलेला गॅस) सुचवले. एक 14,500 चा, चार म्हणजे 58,000, मजुरी 6,000, अलाइनमेंट 1,800. झाले 65,800. त्यातले 30,000 आधी, 35,800 गाडी घेताना. पक्कं बिल मागितलं तर म्हणे 28 टक्के जीएसटी पडेल काका, कशाला उगाच (2024 चा नोव्हेंबर, तेव्हा पार्टवर 28 च होता). मी हो म्हणालो. सोळा हजार वाचतायत म्हटल्यावर तुमच्यातल्या किती जणांनी नाही म्हटलं असतं ते मनाशीच सांगा.

आता गॅरेजमधलं ते टेबल. रोज रात्री डोळ्यासमोर येतं. चारही शॉकअप टेबलावर मांडलेले, काळे चकचकीत, आणि त्यातले दोन पूर्ण दाबलेल्या अवस्थेत आडवे पडलेले. नुसते पडलेले, पट्टा नाही, बांधलेलं काही नाही. अहो, गॅसचा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप बाहेर येतो, म्हणून तर नवा माल पट्टीने बांधून येतो! हे मला माहीत होतं, महिनाभर व्हिडिओ बघून बसलो होतो. विचारलं पण. तो म्हणाला, "काका, गाडी चालून गरम झाली की गॅस चार्ज होतो." आणि मी, तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस, मान डोलावली. तेवढ्यात बायकोच्या बोटाला काळं लागलं. ती म्हणाली, "अहो, नवीन वस्तूचा रंग ओला कसा?" मी तिलाच म्हणालो, तू थांब गं, तुला यातलं कळत नाही. हे वाक्य आता घरात दिवसातून दोनदा ऐकतो.

जुने शॉकअप बरोबर घेतो म्हटलं तर "भंगार कशाला वागवताय काका, राहू द्या." राहू दिले. तुम्ही राहू देऊ नका, डिकीत टाका, घरी न्या, ओढ्यात फेका, पण तिथे सोडू नका.

ट्रायलला मात्र गाडी लोण्यासारखी चालली, खड्डे जाणवेनात, मी खूश होऊन पोरांना चहाचे 200 दिले. चार दिवसांनी पंपावर हवा बघितली तर चारही टायरात 42. मी 60 ठेवतो. म्हणजे तो मऊपणा शॉकअपचा नव्हताच, हवा काढलेल्या टायरचा होता, आणि भरलेल्या गाडीत कमी हवेने टायर तापून फुटला असता तर हे लिहायला मी नसतो. काम करून गाडी घेतली की आधी हवा मोजा, मग तारीफ करा.

हवा भरली आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागली. ताम्हिणी उतरताना वळणावर मागचा भाग असा लोळला की बायकोने देवाचं नाव घेतलं. खाली उतरून बघितलं तर मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, आणि सुटलेल्या रंगाखाली अंगठ्याएवढा पोचा. हा पोचा मी ओळखतो. आदल्या वर्षी स्पितीत दगड लागला होता, खाली झोपून मीच बघितला होता. माझाच शॉकअप, रंगवून मलाच 14,500 ला!

नंतर दुसऱ्या एका मिस्त्रीने चार साधे ओरिजिनल 9,400 त बसवून दिले. वर हेही सांगितलं की काका, तुमचे मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेत, शॉकअपचं काम उसळी आवरणं, वजन पेलायचं ते पाट्यांनी. आधी सामान भरून वजनकाट्यावर जा, पुढची-मागची चाकं वेगवेगळी मोजा. हे पहिल्याने का नाही सांगितलं? पाट्यात त्याला 58,000 मिळाले नसते.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत साहेब म्हणाले ही दिवाणी बाब आहे, बिल आणा. बिल असतं तर आलो असतो का? मग म्हणे सायबरला जा, यूपीआय आहे ना. सायबरवाले म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, माल मिळाला, आमचा संबंध नाही. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. एकाने तर हसत विचारलं, गाडीत खरंच संडास आहे का? पाच फेऱ्या, दोन अर्ज, पोच एकाचीच. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारीचा नंबर मिळाला, आठवड्याने मेसेज आला की समोरच्याने उत्तर न दिल्याने तक्रार बंद. समोरचा उत्तर देत नाही म्हणूनच तक्रार केली ना बाबा!

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. खरेदी 5 लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं "गॅस इम्पोर्टेड 14,500 पर पीस" हे एवढंच हाताशी आहे, म्हणून चॅट पुसू नका, दर लिहून मागा. वकील म्हणतात शॉकअप पण आणा. पोत्यात बांधून गॅलरीत ठेवलेत, खाली अजून तेल गळतंय, फरशीवर डाग पडलाय आणि त्यावरूनही रोज ऐकतोय.