रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६००: पहिला बजेट गेमिंग पीसी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी संच काय आहे ते. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. आठ महिने रोजचा वापर.

मत आधीच देऊन टाकतो. १०८०पीला हा संच आजही भरवशाचा आहे. पण यासाठी मोजलेल्या पैशांतला बराच वेग जुळणी झाल्या झाल्या हातात येत नाही. तो बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आणि मॉनिटरच्या सेटिंगमध्ये बंद पडून असतो. पीसी व्यवस्थित सुरू होतो, गेम चालतो, कुठलीही चूक दाखवली जात नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. नवीन माणूस मग ग्राफिक्स कार्डाला दोष देतो.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट रॅमची. खोक्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी बायोसमधलं एक्सएमपी (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करेपर्यंत ती २१३३ किंवा २४०० ला चालते. काही बोर्डांवर याच सेटिंगचं नाव डीओसीपी असतं. नुकसान फक्त रॅमपुरतं नाही. रायझनमध्ये गाभे (कोअर) आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारा आतला दुवा, इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्याच तालावर चालतो: ३२०० च्या रॅमसोबत १६०० मेगाहर्ट्झ, २१३३ सोबत साधारण १०६६. म्हणजे रॅम मागे पडली की प्रोसेसरही तिच्याबरोबर मागे पडतो. सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हे पटकन कळत नाही. गर्दीच्या दृश्यात, वेगाने वळताना जो झटका बसतो त्यात कळतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ३२०० दिसतंय का, हे पहिल्याच दिवशी बघा.

दुसरं म्हणजे रॅमच्या खाचा. चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी भरायची. पहिली आणि दुसरी भरली की रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलवर बसतात आणि बँडविड्थ निम्मी होते. चॅनेल किती चालू आहेत ते सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरी पानावर दिसतं. पट्टी बसवताना दोन्ही टोकं दाबायची. हल्ली बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे बिनखटक्याची बाजू अर्धवट वर राहिली तरी नुसत्या नजरेला ती बसल्यासारखीच दिसते.

बी५५० च का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पैसे वाचवताना इथेच चूक होते. आरएक्स ६६०० ला पीसीआयच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा दुवा) फक्त ८ वाटा आहेत. पीसीआय ४.० वर तेवढ्या पुरतात. पण बी४५० चा बोर्ड किंवा रायझन ५ ५५०० घेतला की सगळं ३.० वर येतं आणि त्याच ८ वाटांचा वेग निम्मा होतो. ५६००जी चंही तसंच. एरवी हा फरक लहान असतो. कार्डाची ८ जीबी मेमरी भरून माल मुख्य रॅममध्ये सांडायला लागला, की मात्र गेम अडखळतो. शिवाय ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. नावं सारखी वाटतात, प्रोसेसर सारखे नाहीत.

जुळणीत कूलरपाशी जरा थांबावं लागतं. सोबत येणारा रेथ स्टेल्थ चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत बसतो. त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कड्या आधी काढायच्या असतात. त्या काढताच मागची धातूची पट्टी निसटते, कारण तिला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. म्हणून हे काम बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी, त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवून करायचं. कूलरच्या तळाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावायचं नाही. स्क्रू तिरप्या जोडीने, प्रत्येकाला दोन-दोन आटे देत आवळायचे. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर समोरचा पट्टीपर्यंत पोचतच नाही.

वायरींमध्ये घोटाळा होतो तो दोन आठ पिनांच्या जोडण्यांचा. ४+४ ची जोडणी प्रोसेसरची, ६+२ ची ग्राफिक्स कार्डाची. पिनांचे आकार वेगळे असतात, त्यामुळे सहज बसत नसेल तर जोर लावायचा नाही, चुकीची हातात आली आहे. प्रोसेसरची वायर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. बोर्ड बसवण्याआधीच ती मागच्या भोकातून वर काढून ठेवा, नंतर तिथे बोटं शिरत नाहीत. ती राहून गेली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असू शकते, एका चुकीत ड्राइव्ह जळू शकते.

५५० वॉट कमी पडतील का? नाही. प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो, कार्ड १३२. बाकी सगळं धरूनही निम्म्याच्या आसपास भार राहतो. म्हणून इथे वॉट वाढवण्याऐवजी चांगल्या बनावटीचा, लांब वॉरंटीचा एसएमपीएस घ्यावा. काटकसर करायचीच असेल तर रंगीत दिव्यांवर करा. आठ महिन्यांत त्यांचा उपयोग शून्य.

सुरू केल्यावर काहीच दिसत नसेल तर आधी मॉनिटरची वायर कुठे आहे ते बघा. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डवरचं एचडीएमआय कायम मुकं असतं. नंतर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो अडकून राहिला तिथे अडचण. डीरॅमचा असेल तर बहुतेक वेळा पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली की काम होतं.

विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू. हा क्रम महत्त्वाचा आहे. सीएसएम चालू ठेवून विंडोज डिस्क विभागण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलं गेलं, तर नंतर सीएसएम बंद करताच ते सुरूच होत नाही. बायोसही तेव्हाच ताजं करून घ्यावं. विंडोज ११ साठी लागणाऱ्या एफटीपीएममुळे (सुरक्षेची एक सोय) मधूनच क्षणभर आवाज आणि चित्र अडखळण्याचा दोष एएमडीने २०२२ मध्ये मान्य केला होता, त्यावरचा उपाय बायोसमधूनच आला.

आणि मॉनिटर! १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावला तरी विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवतं. डिस्प्ले सेटिंगच्या प्रगत पानावर जाऊन आकडा बदलावा लागतो. फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही चालू करावं लागतं, नुसतं ड्रायव्हरमध्ये करून भागत नाही. फ्रेमची मर्यादा १४१ ठेवली की गेम फ्रीसिंकच्या पट्ट्यातच राहतो आणि कार्डही उगाच तापत नाही.

आता महिनोन्‌महिने वापरल्यावर दिसलेल्या गोष्टी. सोबतचा कूलर थंड ठेवण्यात नापास होत नाही, ५६०० ची ९० अंशांची मर्यादा गेममध्ये लांबच राहते. तक्रार आवाजाची आहे. या प्रोसेसरचं तापमान एखादं ॲप उघडलं तरी क्षणात उसळतं आणि उतरतं, पंखा त्याच्यामागे सतत वर-खाली होतो. बायोसमध्ये ६५ अंशांपर्यंत पंख्याची गती सपाट ठेवली आणि बदलाला तीन-चार सेकंदांचा उशीर दिला की ही कुरकुर थांबते. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. पुढची जाळी महिन्याला पुसायची, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची.

कार्डाची ८ जीबी मेमरी ही खरी मर्यादा आहे. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) अल्ट्रावर नेलं की मेमरी भरते, आणि एफपीएसचा आकडा चांगला दिसत असतानाही हिसके बसतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की ते जातात, दिसण्यात फरक नगण्य. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) विचार या कार्डावर करू नये. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) १०८०पीला क्वालिटीवरच ठेवावं, त्याखाली बारीक तारा आणि गवत मळकट दिसायला लागतं. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये ड्रायव्हर बदलल्यावर सुरुवातीचा अडखळा हा शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होण्याचा असतो, लगेच सेटिंग उपसत बसू नका.

१६ जीबी रॅम गेमला पुरते, पण मागे ब्राउझरचे वीस टॅब आणि व्हॉइस चॅट असेल तर काठावर येते. एसएसडीचा पाचवा भाग रिकामा ठेवावा. स्वस्त ड्राइव्हमध्ये मोकळ्या जागेतूनच जलद कॅश मिळतो, जागा भरत आली की मोठा गेम उतरवताना लिहिण्याचा वेग कोसळतो.

पुढची वाढ याच बोर्डावर होते. ५७००एक्स३डी त्याच सॉकेटमध्ये बसतो, त्याची एल३ कॅश ९६ एमबी आहे, मात्र त्यासोबत कूलर येत नाही. बदलताना आधी नवं बायोस टाका. मग दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून वीज काढा, आणि स्क्रू सुटल्यावर कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवा. या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. थंड, वाळलेली पेस्ट प्रोसेसरला बंद खटक्यातूनही उपसून काढते, आणि मग वाकलेल्या पिना भिंगाखाली एकेक सरळ करत बसावं लागतं.