एक सिलिंडर की दोन? बाइकच्या इंजिनाच्या दोन हलक्या गाड्या, दिवाळीपासून मिरगापर्यंत

दिवाळीपासून मिरगापर्यंत आम्ही बाइकच्या इंजिनावर चालणाऱ्या दोन चारचाकी गाड्या चालवल्या. दोन्ही किट कोल्हापूरकडच्या एकाच फॅब्रिकेटरकडून आणली आणि फोंड्याच्या गॅरेजमध्ये जोडली. पाइपांची चॅसी, मारुती ८०० चे हब, तिचेच १४५/७० आर१२ टायर, दोन सीट. दार नाही, छप्पर नाही. माझ्या गाडीत जुन्या केटीएम ड्यूक ३९० चं ३७३ सीसीचं एक सिलिंडर आहे. मामेभावाच्या गाडीत रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टरचं ६४८ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं इंजिन. दोन्हीकडे इंजिन सीटच्या मागे आणि चेनने थेट मागच्या अॅक्सलला जोडलेलं. इंजिन सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी चालवायला मिळणं दुर्मीळ, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

रस्त्यावर चालवायचा विचार असेल तर तो आधीच सोडा. अशा गाडीला आपल्याकडे नंबर मिळत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीने बनवलेल्या गाडीत केलेल्या फेरफारांबद्दल कडक आहेत. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते, आणि एका गाडीसाठी तो खर्च कुणी करत नाही. आम्ही डिचोलीकडच्या सड्यावर, मालकाच्या परवानगीने, अर्धवट राहिलेल्या प्लॉटिंगच्या आतल्या डांबरी रस्त्यांवर चालवतो. शेजारीच बंद पडलेली चिऱ्याची खाण आहे, तिचा सपाट तळ वळणांच्या सरावाला मिळतो. घरून तिथवर गाडी टेम्पोत घालून न्यायची.

आता वजन. ओळखीच्या काजू व्यापाऱ्याकडून चार सारखे काटे आणले (हंगामात ते मिळत नाहीत, त्यामुळे मार्च यायच्या आत हे काम उरकलं) आणि चारही चाकांखाली ठेवले. माझी गाडी, रेडिएटर आणि पाणी धरून, ३३८ किलो. भावाची ३७४. मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची होती आणि तिची ताकद ३७ अश्वशक्ती. ड्यूकचं इंजिन ४३.५ देतं, इंटरसेप्टरचं ४७. म्हणजे ८०० पेक्षा जास्त ताकद आणि ओझं निम्म्याच्या आसपास.

बहुतेक लोक इथे थांबतात. टनामागे किती अश्वशक्ती हा आकडा काढतात आणि खूश होतात. माझ्या गाडीचा येतो १२९, भावाच्या गाडीचा १२६, आणि ९० अश्वशक्तीच्या, पावणेनऊशे किलोच्या आधीच्या पिढीतल्या स्विफ्टचा १०३. पण गाडी कुणीतरी चालवणार ना! मी ७५ किलोचा. मी बसल्यावर माझी गाडी १०५ वर येते, भावाची पण १०५ वर येते आणि स्विफ्ट ९५ वर. शेजारी सत्तर किलोचा माणूस बसवला की दोन्ही गाड्या नव्वदच्या आसपास आणि स्विफ्ट ८८. स्विफ्टवर असलेला २५ टक्क्यांचा फायदा दोन माणसांत दोन-अडीच टक्क्यांवर आला. गाडी जितकी हलकी तितकं माणसाचं वजन महाग, म्हणून हलक्या गाडीचा आकडा माणसासकटच विचारावा. मला कुणी नुसत्या गाडीचा आकडा सांगितला तर मी तो धरत नाही.

मग कागदावर दोन्ही गाड्या सारख्या असताना धावतात का सारख्या? नाही. जीपीएसच्या यंत्रावर, एकटा बसून, थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० ला माझी गाडी साधारण चार सेकंदांत पोचते. भावाची तिच्या पुढे असते, फार नाही, पाव-अर्धा सेकंद. कारण टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ओढ. ट्विन ५२ न्यूटन मीटर देतं आणि तेही सव्वापाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास. माझं एक सिलिंडर ३५ देतं आणि त्यासाठी सात हजारांच्या वर न्यावं लागतं. अश्वशक्ती सगळी काढायची तर त्याहून वर. ट्विन क्लच सोडताच ओढायला लागतं. माझ्या गाडीत पहिल्या दहा-पंधरा मीटरला इंजिन रडत ठेवावं लागतं. ६० च्या पुढे मात्र अंतर वाढत नाही, आणि आरपीएम वर टिकवला तर थोडं भरूनही निघतं.

स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, हिशोब इथे समजून घ्यायला हवा, किट विकणारे तो सांगत नाहीत. जुन्या ड्यूकवर मी बसलो की एकूण ओझं साधारण २३० किलो, गाडीत ४१३. म्हणजे तेच इंजिन साधारण १.८ पट ओझं ओढतंय. ८०० चं चाक बाइकच्या मागच्या चाकापेक्षा लहान असल्यामुळे ओढ साधारण वीस टक्क्यांनी आपोआप वाढते. बाकीची तूट मागचं स्प्रॉकेट मोठं करूनच भरायची. बाइकइतकी ओढ पूर्ण हवी असेल तर गिअरिंग आणखी साधारण ५० टक्के आखूड करावं लागेल (त्याच वेगाला इंजिन तितकं जास्त फिरेल), आणि मग गाडीचा कमाल वेग शंभरच्या आत येईल. सड्यावरचा सगळ्यात लांब सरळ तुकडा तरी केवढा! म्हणून आम्ही मधला मार्ग घेतला: माझ्या गाडीला चांगलं मोठं स्प्रॉकेट, भावाच्या गाडीला थोडंच मोठं. या एका बदलाने जो फरक पडला तो सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे खर्चिक वस्तूंनी कधीच पडला नसता.

परदेशात हेच गणित मोठ्या इंजिनांनी सोडवलेलं आहे. मॅक्लारेन एफ१ ही सुपरकार आखणाऱ्या गॉर्डन मरे यांनी त्याच काळात रॉकेट नावाची छोटी गाडी आखली, यामाहाच्या हजार सीसीच्या इंजिनावर, चारशे किलोच्या आत. वेस्टफील्डने हायाबुसाचं १३०० सीसीचं इंजिन बसवून मेगाबुसा काढली, साधारण ४४० किलोची. तिथे पावणेदोनशे अश्वशक्ती असल्यामुळे माणूस बसला तरी टनामागे तीनशेच्या वर उरते. आपल्याकडे हायाबुसा फारच महाग. तिचं इंजिन काढून गाडीत घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपल्यासारख्यांना जवळचं उदाहरण म्हणजे कॅटरहॅम सेव्हन १७०: सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती, ४४० किलो, आणि ताशी ६० मैलांना म्हणजे साधारण ९७ किलोमीटरला ६.९ सेकंद. अर्थात ते इंजिन मोटारीचंच आहे, त्यामुळे आमचे क्लचचे त्रास त्याला नाहीत.

क्लच ही बाइकच्या कुठल्याही इंजिनाची गाडीतली पहिली तक्रार. तेलात फिरणाऱ्या ओल्या प्लेट बाइकच्या ओझ्यासाठी बनवलेल्या. चारशे किलोला उभ्याने हलवताना त्या तापतात. कडक स्प्रिंग घालावेच लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी रेंगाळत ठेवायची सवय मोडावी लागते. नवख्याला मी माझी गाडी देत नाही, भावाची देतो, कारण ट्विन कमी आरपीएमला निघतं आणि प्लेट वाचतात.

दुसरं तेल. बाइक वळणात कलते, म्हणून तेल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशीच राहतं. गाडी कलत नाही. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. दोन्ही इंजिनांच्या सम्पमध्ये आम्ही पत्र्याचे कप्पे घातले आणि डॅशवर ऑइल प्रेशरचा मोठा लाल दिवा लावला. हे काम केल्याशिवाय अशी गाडी वळणावर नेऊच नये. यात तडजोड नाही.

रिव्हर्स गिअर अर्थातच नाही. माझी गाडी एका हाताने मागे ढकलता येते. भावाने रिव्हर्ससाठी वेगळी स्टार्टर मोटर बसवली, ते वजन त्याच्या ३७४ मध्येच आहे.

गोव्याचं हवामान दोघींनाही सोसत नाही, पण वेगवेगळ्या कारणांनी. ट्विन हवा आणि तेलावर थंड होतं. सीटमागे वारा पोचत नाही, एप्रिलच्या दुपारी दोन-चार फेऱ्यांनंतर थांबावंच लागतं. बाजूने हवेचं नळकांडं आणि ऑइल कूलरला पंखा दिल्यावर बरं झालं. माझ्या गाडीचा रेडिएटर पुढे असल्याने उकाड्यात ती जास्त वेळ टिकते. लाल माती मात्र दोघींच्या चेन खाते. तेलकट चेनवर ती चिकटते आणि कानशीसारखी घासते. प्रत्येक दिवसाच्या शेवटी रॉकेल आणि ब्रश, दुसरा उपाय नाही. चॅसीच्या वेल्डिंगच्या सांध्यांवर दमटपणाने गंज उमटायला सुरुवात झाली होती. पावसाळ्याआधी सगळं घासून प्रायमर मारलं.

आणि वळणं. माझं मत इथेच ठरलं. ३६ किलोचा फरक सरळ रस्त्यात टॉर्कने लपतो, ब्रेक लावताना आणि वळताना लपत नाही. काट्यांवर माझ्या गाडीच्या मागच्या चाकांवर ५८ टक्के भार भरला, भावाच्या ६२. त्याचं जास्तीचं ओझं जवळपास सगळं मागेच आहे. खाणीच्या तळावर त्याची गाडी आधी पुढून सरळ जाते, मग अॅक्सलेटर सोडला की मागून झटकन सुटते. माझी गाडी स्टिअरिंग वळवलं की वळते. मी तिच्यात उशिरा ब्रेक मारतो, लवकर पाय देतो, आणि वळणांच्या फेरीत सुरुवातीचा तो अर्धा सेकंद परत मिळवून वर पुढे निघतो. भाऊ माझ्यापेक्षा चांगला चालवतो, तरी तोही माझ्या गाडीतच कमी वेळ काढतो.

म्हणून एकट्याने चालवायची असेल, वळणं आवडत असतील आणि इंजिन ओरडवत ठेवायची तयारी असेल तर एक सिलिंडर घ्या. पुतण्याला, मित्राला शेजारी बसवून फिरवायचं असेल तर ट्विन. दोन माणसांत माझी गाडी खरोखर दमते. ड्यूकचं इंजिन शोधताना २०१७ च्या आधीचं शोधा. त्यात थ्रॉटल केबलवर आहे, नंतरच्यात इलेक्ट्रॉनिक, आणि मग वायरिंगचं काम दुप्पट होतं. साइड स्टँडचा स्विच आणि बाइक पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर, दोन्ही हार्नेससकट (वायरींच्या जुडग्यासकट) मागून घ्या, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही. बिल आणि इंजिन नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

चतुर्थीनंतर भाऊ त्याची बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे हलवणार आहे. काजूवाल्याला काट्यांबद्दल आत्ताच सांगून ठेवलंय.